नाव काढणं

अकरा नावं यादीतून गेली होती आणि बुधवारच्या बैठकीत सगळे मिळून मशीनला शिव्या घालत होते.

डोळ्यांच्या दवाखान्याची ती यादी. दानात येणाऱ्या बुबुळाची वाट बघणाऱ्यांची. पूर्वी फोनवर कारकून असायचा. सहा महिन्यांपासून एआय एजंट बोलायचा, आणि बोलता बोलता यादीत बदलही करायचा. कुठल्या कामाला कुठलं टूल वापरायचं, हे त्याला दोन-चार ओळींत लिहून द्यायचं काम तिथल्या एका बाईचं. आधी ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव 'शुद्धलेखन'.

नाव वगळण्याच्या टूलवर तिनं लिहिलं होतं, 'यादीतून रुग्णाचं नाव काढण्यासाठी हे वापरा.' साहेब तेव्हा खूश झाले होते. "एका ओळीत! बाई, तुम्ही नाव काढलंत!"

आणि लोक फोनवर म्हणायचे, "जरा माझं नाव काढून बघा हो, कितवा नंबर आलाय?"

एजंटनं नाव काढलं. कायमचं.

"मशीनला भाषाच कळत नाही," साहेब म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही, तरी तिचे कान तापले.

अकराही नावं तिनं जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, आपल्या हातानं जुन्या जागी परत घातली. प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग होतं. तिनं पहिलं लावलं. एक म्हातारी एजंटलाच विचारत होती, "बाळा, मला दिसेल ना रे?" तिनं हेडफोन उतरवला. उरलेली दहा ऐकायचा धीर झाला नाही.

मग तिनं ती ओळ पुसून नवं लिहिलं. 'हे टूल नाव यादीतून कायमचं वगळतं. कुणी नंबर विचारत असेल तर हे वापरू नका. वगळण्याआधी रुग्णाला स्पष्ट शब्दांत विचारा.' लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत, याचीच तिला जास्त लाज वाटली.

दुपारभर ती एकेकाला फोन करून माफी मागत राहिली. एक जण भडकला, बरेच जण "असू दे" म्हणाले. अकरावा फोन कुणी उचलेना. यादीतलं पहिलंच नाव, घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पत्ता शोधत गेली.

दार त्यांच्या मुलीनं उघडलं. तिशीची असेल. "बाबा, दवाखान्याच्या ऑफिसातून कुणी आल्यात," असं सांगून भिंतीला हात लावत ती चहा ठेवायला आत गेली. आजोबा खिडकीपाशी बसले होते. टेबलावर एक उघडं घड्याळ धूळ खात पडलं होतं.

तिनं सगळं सांगितलं. ती ओळ, बैठक, 'हो ना' सुद्धा.

"चूक मशीनची नव्हती, आजोबा. माझी होती. आणि सगळ्यांपुढे मी ती त्याच्यावर ढकलली."

"तोंडावर येऊन सांगितलंत, हे काय कमी आहे?" आजोबा हसले. "मी एका नवरदेवाचं घड्याळ असं दुरुस्त केलं होतं, की मुहूर्त निघून गेल्यावर तो पोचला. तेव्हा मी आठवडाभर दुकानच उघडलं नव्हतं."

तिलाही हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाला.

"पण आता काळजी करू नका. तुमचं नाव मी स्वतः परत घातलंय. पहिलाच नंबर आहे तुमचा."

आजोबांचं हसू थांबलं. "कधी घातलंत?"

"काल दुपारी. दीड वाजता."

ते उठले, चाचपडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि दार ओढून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"आम्हा बापलेकींना एकच आजार. माझ्यामागे दुसरा नंबर तिचा. परवा फोनवर मी नंबर नव्हता विचारला, बाई. माझं नाव कायमचं काढा, असंच सांगितलं. तुमच्या मशीननं दोनदा विचारून खात्री करून घेतली. काल तिला बोलावणं आलं. ऑपरेशनचे कपडे घातले, डोळ्यात थेंब टाकले. दोन वाजता नर्स म्हणाली, नंबर बदललाय, घरी जा. घरात आमचा दोघांचा फोन एकच, तो घाईत इथंच राहिलेला. येऊन बघतो तर दवाखान्याचे सात फोन येऊन गेलेले, आणि डोळा तिसऱ्याला दिलेला. असं का झालं, ते आम्हाला कुणीच सांगेना."

ते तिच्याकडे वळले.

"आज तुम्ही सांगितलंत."