अडचणी: नाहीत

“नापास होऊन शाळा सोडलीये मी. पास झालो असं का सांगू?” मी ओरडलोच.

“हळू! वर्गाला पैसे देणाऱ्या फाउंडेशनचे साहेब आलेत,” आमच्या कसब्यातल्या अभ्यासवर्गाच्या उत्कर्षाताई म्हणाल्या.

साहेबांनी ऐकलं होतं. त्यांनी ताईंचा अहवाल उघडला. “अडचणींपुढे तीन वर्षं ‘नाहीत’ लिहिलंय. अहो, आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात लिफ्टच्याच रोज दहा असतात.”

ताई शांतपणे म्हणाल्या, “त्याआधी, पहिल्या वर्षी लिहिलं होतं, पोरं गणितात मागे पडतायत. तुम्ही गणिताच्या सरांचा पगारच बंद केलात.”

साहेबांनी पेन काढून ‘नाहीत’ खोडलं आणि तिथं लिहिलं, ‘आम्ही’.

ताईंनी तेव्हा कुठे त्यांना चहा विचारला. आणायला मलाच पिटाळलंय, निघतो.