रिकाम्या गाडीचं वजन

गाडीचा आजार मी नुसत्या वासावरून सांगतो, हे तुमसर रोडवर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रफुल्लनं आपला जुना ट्रक थेट माझ्याच गॅरेजसमोर उभा केला.

"भूपेंद्रभाऊ, डिझेल लय पिऊन राहिली. अन् चढावर जळका वास येते."

"क्लच-प्लेट जळून राहिली," मी जागेवरूनच सांगितलं. "किती माल भरला? चाकावरचे कमानपाटे पाह्य वजनानं कसे चपटे झाले."

"भाऊ, गाडी रिकामी हाय."

मी हसलो. सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात. मी मागचा फाळका उघडला. आत मँगनीजची काळी धूळ तेवढी होती.

"मंग पाटेच गेले," म्हणत मी जॅक आणला.

चिखल्याच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकवर कोणी ना कोणी मजूर बसलेले असतात. जॅक लावण्याआधी त्यांना हाक मारायची माझी जुनी सवय. त्या दिवशीही तोंडातून निघून गेलं.

"उतरा रे सगळे! बसा तिकडं बाजेवर."

जॅकला अजून हातही लावला नव्हता. पाटे करकरले. ट्रक मागून थोडा वर आला, मग आणखी थोडा, जसा एकेक माणूस उतरताना येतो.

प्रफुल्ल माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"झालं," मी म्हणालो. माझा आवाज अजिबात कापला नाही. "आता नाही जळत प्लेट."

तेवढ्यात कडुलिंबाखालची रिकामी बाज कुरकुरली, आणि तिच्या दोऱ्या जमिनीला टेकेपर्यंत खाली गेल्या.