घरचा कुकर

"शिट्टीत डाळ अडकली असणार," कंपनीचा वकील म्हणाला.

ग्राहक आयोगासमोर उभ्या असलेल्या हेमलताबाईंनी कपाळाला हात लावला. नवाकोरा कुकर फुटून त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि दर तारखेला कंपनी नवं कारण काढत होती. कधी पाणी कमी, कधी गॅस मोठा. आज डाळ.

"अहो, डाळ नव्हतीच, बटाटे होते!" त्या वैतागून म्हणाल्या. "सगळं माझंच चुकलं, मग तुमच्या कुकरनं काय केलं?"

वकिलाने कारखान्याच्या व्यवस्थापकांना साक्षीला उभं केलं. कुकर निर्दोष असल्याचं त्यांनी शपथेवर सांगितलं. बाईंना वकील परवडला नव्हता. उलटतपासणी त्यांनाच घ्यायची होती, पण कायद्यातलं काही सुचेना.

"तुमच्या घरी हाच कुकर आहे का हो?"

व्यवस्थापकांनी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"होता," ते हळूच म्हणाले. "व्हॉल्व्हच्या तक्रारी यायला लागल्या, तेव्हा बायकोला म्हटलं, माळ्यावर टाक."

वकील ताडकन उठला.

"तुम्ही बसा," अध्यक्ष त्याला म्हणाले. "बाई, विचारा पुढे."