फाइलीच्या पोटातलं

काही फाइलींच्या पोटात आणखी एक मजकूर दडलेला असतो. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. ऑफिसातल्या एका पोराने लिहिलेला प्रोग्राम नेटवर्कवरून अशी फाइल आणताना नेमका तेवढाच मजकूर वाटेत सांडून यायचा. प्रोग्राम ग्राहकाला द्यायची तारीख तर तोंडावर आलेली. प्रोग्राम तपासणाऱ्या ताई रोज नव्या फाइलीच्या पोटात काहीतरी लिहून ती नेटवर्कवर ठेवायच्या आणि रोज मान हलवायच्या, "वरचं आलं रे, पोटातलं नाही आलं." मग तो सगळ्यांसाठी चहा टाकायचा, सगळे "वा!" म्हणत प्यायचे आणि तो पुन्हा कोडमध्ये डोकं खुपसायचा.

आज दुपारी त्याने एक ओळ बदलली, ताईंची फाइल आणली, तिच्या पोटातला मजकूर वाचला आणि तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेला.

"ताई, माझा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी?"

ताई टुणकन उडी मारून उठल्या. "आलं! अरे, पोटातलं आलं!"

सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला लागलं. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

"थांबा, याच आनंदात चहा टाकतो!" तो म्हणाला, आणि टाळ्या एकदम थांबल्या.