फेरातली जागा

मुलांनो, समजा तुमचा लाडका मामा उद्या बोटीवर निघालाय आणि आज त्याच्या शेजारी नाचायची जागा तुमची आहे. तुम्ही हात धुवायला गेलात आणि ती जागा दुसऱ्याच कुणी घेतली, तर राग येईल ना? वेदिकाला तसाच आला.

रत्नागिरीतल्या त्या जपानी थाटाच्या बारमध्ये लाल कागदी कंदील होते. मोठ्यांसाठी कॉकटेल होतं, तिच्यासाठी कोकम सरबत. रितेशमामानं डीजेला पटवून जाखडीचं, म्हणजे कोकणातल्या फेर धरून करायच्या नाचाचं, गाणं लावायला सांगितलं होतं. "हात धुऊन ये गो, तुझ्याशिवाय फेर धरायचा नाही," असं तोच म्हणाला होता.

ती परतली तेव्हा नाचाच्या खोलीचं सरकतं कागदी दार बंद होतं. कागदावर सावल्या फिरत होत्या. फेर सुरू झाला होता!

"मामा, तू थांबणार होतास!" ती बाहेरून ओरडली.

"अगो, ओरडतेस कशाला?" मामा आतून हसला. "हात धरलाय ना मी तुझा!"

मामाच्या उंच सावलीशेजारी दोन वेण्या उडत होत्या. अगदी तिच्यासारख्या.

"ती मी नाही! मी इथं आहे!"

"काय छान नाचतेस गो आज," आत आई लाडानं म्हणाली.

आईलासुद्धा कळू नये? वेदिकाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

वेण्यांची सावली नाचता नाचता थांबली आणि दाराकडे वळली.

तेव्हा दार सरकवून वेदिका आत घुसली आणि मामाच्या हातातला तो छोटा हात धरून तिनं जोरात खेचला, आणि अगदी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या त्या मुलीला बाजूला सारून ती आपल्या जागी उभी राहिली.