उंटांची खानावळ

दरवर्षीप्रमाणे दुरुस्तीसाठी कालवा बंद झाला, बिकानेरच्या नळांना दिवसाआड पाणी येऊ लागलं आणि गल्लीतल्या सगळ्या गुलाबांनी माना टाकल्या. धापूकाकींच्या अंगणात मात्र बोगनवेल नुसती पेटली होती आणि कैराचं काटेरी झुडूप फुलांनी लालेलाल झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी काकी ही वाळवंटात तगणारी झाडं लावत होत्या, तेव्हा शेजारचे सुभेदार हडमानसिंग भिंतीवरून हसले होते, "काकीसा, बाग करताय की उंटांची खानावळ?"

आज त्याच सुभेदारांच्या सहीची तक्रार घेऊन पाणीखात्याचे साहेब दारात उभे होते. काकी मोटर लावून गल्लीचं पाणी चोरतात म्हणे! बघायला सारी गल्ली जमली.

"शोधा की," काकी म्हणाल्या आणि खाटेवर ऐसपैस बसल्या.

मोटर काही सापडली नाही. शेवटी साहेब अंगणातला नळ सोडायला वाकले आणि तसेच थांबले. नळाच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. वाळून पार दगड झालं होतं ते.

"काकी, हा नळ शेवटचा कधी सोडलात?"

"दिवाळीला. पाहुण्यांना चूळ भरायची होती."

गल्ली खो खो हसली. साहेबांनी तक्रारीचा कागद खिशात घातला. सुभेदार भिंतीआड सटकायला लागले, तशी काकींनी हाक मारली,

"पळताय कुठं, सुभेदारसा? या की. उंटांच्या खानावळीत माणसांनाही चहा मिळतो!"