एका मताचा रस्ता

“रस्ता हवा असेल त्यांनी हात वर करा.” स्कॉटलंडच्या त्या दूरच्या बेटावरच्या सभेत मर्डिनाचा हात मांडीवरच राहिला. डांबरी रस्ता तिच्या झोपडीपर्यंतही येणार होता, पण आधी एफीच्या नव्या हॉटेलावरून. एके काळी दोघी धक्क्यावर मासे साफ करायच्या. आता एफीच्या दारात गाड्या लागलेल्या तिला बघवल्या नसत्या. एका मताने रस्ता हुकला.

जानेवारीत मर्डिना तापाने फणफणली. चिखल तुडवत, डॉक्टरीणबाईंची बॅग खांद्यावर घेऊन एफी त्यांच्यासोबत आली.

“राग नाही आला माझा?” मर्डिनाने विचारलं.

“आला होता ना. आधी औषध घे,” एफी म्हणाली.

मर्डिनाने औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. चांगुलपणातही एफी पुढेच गेली, हे तिला तापापेक्षा जास्त पोळत होतं.